गुडघ्याच्या वाटीखालचे दुखणे : एका चुकीच्या नावाचा इतिहास



व्हॉलीबॉल, कबड्डी, बास्केटबॉल खेळणारी किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले-मुली गुडघ्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. "नेमके कुठे दुखते?" असे विचारले की बरेच जण सगळ्या गुडघ्यावर हात फिरवतात. काही जण मात्र एकच बोट पुढे करतात आणि ते गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर ठेवतात. "इथेच, डॉक्टर. उडी मारली की इथेच दुखतं."

हे एक बोट माझे निम्मे निदान करून टाकते. वाटीच्या खाली जो जाड पट्टा असतो, त्या टेंडनचे हे दुखणे असते. त्यानंतर पेशंटचा प्रश्न ठरलेला असतो : "मग किती दिवस आराम करू?"

मी एमबीबीएस होतो तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. तीन आठवडे खेळ बंद, दुखण्याच्या आणि सुजेच्या गोळ्या, बर्फाचा शेक. तरीही नाही थांबले तर इंजेक्शन. आज मी हे उत्तर देत नाही. ते उत्तर का बदलले, कोणी बदलले आणि बदलायला इतकी वर्षे का लागली, हे आज सांगणार आहे. विषय इतिहासाचा असला तरी तुमच्या गुडघ्याशी त्याचा थेट संबंध आहे. कारण ते जुने उत्तर अजूनही मैदानावर, औषधांच्या दुकानात आणि कधीकधी चिठ्ठीवरही मिळते.

टेंडन म्हणजे काय?

स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारा मजबूत दोर म्हणजे टेंडन. मराठीत त्याला कंडरा असा शब्द आहे. बोलताना आपण "नस आखडली", "शीर चमकली" असे म्हणतो, पण रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि टेंडन या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. टेंडन मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या समांतर धाग्यांनी बनलेला असतो. त्यात पेशी कमी आणि रक्तपुरवठाही कमी. म्हणूनच तो लाल नसून पांढुरका, चमकदार दिसतो.

खुर्चीत बसून गुडघा वाकवा आणि वाटीच्या खाली बोट दाबून बघा. वाटी आणि नडगीच्या हाडावरचा उंचवटा यांच्यामध्ये एक घट्ट पट्टा लागेल. तो पटेलर टेंडन. मांडीच्या पुढच्या स्नायूंची सगळी ताकद याच पट्ट्यातून नडगीला मिळते. उठणे, जिना उतरणे, धावताना थांबणे, उडी मारणे आणि उडीनंतर जमिनीवर येणे, हे सगळे त्याच्या जोरावर चालते.

हा पट्टा किती मजबूत असतो याचा अंदाज एका अपघाताने दिला. अमेरिकेत एका स्पर्धेत वजन उचलताना एका वेटलिफ्टरचा हा टेंडन तुटला. त्या क्षणाचे चित्रीकरण झालेले होते. त्यावरून संशोधकांनी गणित मांडले आणि १९७७ साली ते प्रसिद्ध केले. तुटताना टेंडनवर त्या खेळाडूच्या शरीराच्या वजनाच्या साडेसतरा पटींहून जास्त ताण होता. म्हणजे टेंडन नाजूक मुळीच नाही. तो दुखू लागतो ते बहुतेक वेळा एकाच मोठ्या झटक्याने नव्हे. झेपेल त्यापेक्षा जास्त ताण पुन्हा पुन्हा पडतो आणि त्यातून सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून तो दुखतो.

एक्स-रेमध्ये जे दिसले, त्याला नाव मिळाले

राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही वर्षांतच डॉक्टर जिवंत माणसाच्या गुडघ्याची हाडे पाहू लागले. १९०३ साली बोस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लाटर या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वाढत्या वयाच्या मुलांमधील एका दुखण्याचे वर्णन केले. त्यात टेंडन जिथे नडगीला जोडला जातो, तो उंचवटा दुखतो आणि फुगतो. पुढे १९२१ साली नॉर्वेचे सिंडिंग-लार्सन आणि १९२२ साली स्वीडनचे योहान्सन यांनी वाटीच्या खालच्या टोकाचे तसेच दुखणे नोंदवले, तेही वाढत्या मुलांमध्येच.

ही नावे आजही वापरात आहेत, आणि तुमच्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या कागदावर त्यांतले एखादे दिसू शकते. यात एक गोष्ट लक्षात घ्या. एक्स-रेमध्ये हाड दिसते, टेंडन दिसत नाही. त्यामुळे सुरुवातीची सगळी नावे हाडाच्या टोकांना मिळाली. पंचविशीतल्या खेळाडूची हाडे वाढून झालेली असतात. त्याचा एक्स-रे स्वच्छ यायचा आणि "काही नाही, आराम कर" असे ऐकून तो घरी जायचा.

उड्यांचा खेळ आणि "जंपर्स नी"

ज्या १८९५ साली क्ष-किरण सापडले, त्याच साली अमेरिकेतील होलिओक गावात विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉलचा खेळ तयार केला. तो जरा निवांतपणे खेळायचा प्रकार असावा अशी त्यांची कल्पना होती. पण खेळ वाढला, स्मॅश आणि ब्लॉक आले, आणि १९६४ साली टोकियोला तो ऑलिंपिकमध्ये पोचला. एका सामन्यात खेळाडू कितीतरी वेळा उडी मारतो, आणि प्रत्येक उडीनंतर तितक्याच वेळा जमिनीवर उतरतो. १९६३ साली इटलीतून व्हॉलीबॉलपटूंच्या या टेंडनच्या दुखण्यावर लेख आला. तिथल्याच डॉक्टरांनी पुढे दाखवून दिले की आठवड्यातून जास्त वेळा खेळणाऱ्यांत आणि कठीण जमिनीवर खेळणाऱ्यांत हे दुखणे जास्त आढळते.

१९७३ साली कॅलिफोर्नियातील ब्लाझिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याला "जंपर्स नी" म्हणजे उड्या मारणाऱ्याचा गुडघा हे नाव दिले आणि त्याच्या पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी : खेळ संपल्यावर दुखते. दुसरी : खेळतानाही दुखते, पण खेळ नीट होतो. तिसरी : दुखणे रेंगाळते आणि खेळावर परिणाम होतो. टेंडन तुटणे ही शेवटची पायरी नंतर जोडली गेली. पन्नास वर्षे झाली, पण पेशंटशी बोलताना आजही या पायऱ्या उपयोगी पडतात. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात, ते आताच मनाशी ठरवून ठेवा.

हे दुखणे किती सर्वत्र आहे, ते नॉर्वेतील २००५ सालच्या पाहणीतून कळते. वेगवेगळ्या खेळांतील वरच्या दर्जाच्या सुमारे ६०० खेळाडूंना तपासले, तेव्हा व्हॉलीबॉलपटूंमध्ये जवळपास ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंमध्ये सुमारे ३२ टक्के जणांना ते होते. सायकलपटूंमध्ये एकालाही नव्हते. सायकलवर मांडीचे कष्ट भरपूर होतात, पण उडी नाही आणि आपटणेही नाही. हा फरक पुढे लक्षात ठेवायचा आहे. हे दुखणे फक्त उड्या मारणाऱ्यांना होते असेही नाही. आदल्या वर्षीचा विजेता असूनही राफेल नदालने २००९ साली विम्बल्डनमधून माघार घेतली, ती गुडघ्यांच्या टेंडनच्या दुखण्यामुळेच.

"आयटिस" या शेपटीने केलेला घोळ

टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. शब्दाच्या शेवटी "आयटिस" आले की त्याचा अर्थ तिथे दाह आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली होती : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. टेंडन दुखतो, म्हणजे तिथेही दाहच असणार, असे गृहीत धरले गेले आणि दुखण्याचे नाव पडले टेंडिनायटिस.

एकदा नाव पडले की त्यामागून उपचार ठरतात. दाह आहे ना, मग दाह कमी करा. आराम द्या, बर्फ लावा, दाहविरोधी गोळ्या द्या. त्यात १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांना प्रथम कॉर्टिसोन दिले गेले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, आणि १९५० साली या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. दाहावर एवढे प्रभावी औषध हाती आल्यावर त्याच घराण्यातली स्टिरॉइडची इंजेक्शने दुखऱ्या टेंडनच्या आसपासही दिली जाऊ लागली. दुखणे खरोखर कमी व्हायचे. त्यामुळे नावावर कोणी शंका घेतली नाही.

मीही घेतली नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघातला एक मुलगा यायचा. मी त्याला तीन आठवडे पूर्ण आराम आणि गोळ्या दिल्या. दुखणे थांबले. तो स्पर्धेला उतरला आणि दुसऱ्याच आठवड्यात परत आला. पुन्हा आराम. त्यानंतर इंजेक्शन, त्याने दोन महिने छान गेले, आणि मग पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागले. पुढे बरेच दिवस तो दिसला नाही. एकदा त्याचे वडील स्वतःच्या बीपीसाठी आले, तेव्हा मी त्याची चौकशी केली. ते म्हणाले, "गुडघा एकदम छान आहे, डॉक्टरसाहेब. खेळ सोडला ना त्याने." ते आभार मानत होते. मीही त्या दिवशी ती केस बरी झाली असेच मानले.

सूक्ष्मदर्शकाखाली दाह सापडेना

खरे तर त्या सुमारास उत्तर बदलायला सुरुवात झालेली होती. १९७६ साली रोममधील पुद्दू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचेच्या टेंडनच्या आजारांचे नवे वर्गीकरण मांडले. बऱ्याच काळापासून दुखणाऱ्या टेंडनचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर दाहात दिसणाऱ्या पेशींची गर्दी तिथे नव्हती. कोलॅजनचे धागे विस्कटलेले होते आणि झीज झालेली होती. त्यांनी "आयटिस" ऐवजी "टेंडिनोसिस" हा शब्द वापरला. अमेरिकेत टेनिस एल्बोच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या निर्श्ल यांना कोपराच्या टेंडनमध्येही तसेच चित्र दिसले.

विंचरलेल्या केसांची वेणी आणि गुंता झालेले केस यांत जो फरक, तोच निरोगी आणि दुखऱ्या टेंडनमध्ये आहे असे समजा. गुंता गोळीने सुटत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या उमेओ शहरात आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी दुखऱ्या टेंडनमध्ये अतिशय बारीक नळी घालून आतले रसायन मोजले. दाहाशी जोडलेले प्रोस्टाग्लँडिन वाढलेले नव्हते. वाढलेले होते ते ग्लुटामेट, म्हणजे मज्जातंतूंच्या संदेशांशी संबंधित रसायन. २००२ साली करीम खान, जिल कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये थेट आवाहन केले की टेंडिनायटिस ही दंतकथा आता सोडून द्या. तेव्हापासून "टेंडिनोपथी", म्हणजे नुसताच टेंडनचा विकार, हा शब्द रुळत गेला.

एक खुलासा इथे करायला हवा. नंतरच्या अभ्यासांत दुखऱ्या टेंडनमध्ये दाहाशी संबंधित काही रेणू आणि पेशी सापडल्या आहेत, त्यामुळे दाहाचा काडीचाही संबंध नाही असे आज कोणी म्हणत नाही. पण सुजलेल्या टॉन्सिलसारखा, औषधाने विझवून टाकावा असा हा दाह नाही, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

ज्याने दुखते, तेच औषध?

झीज झाली असेल तर वापर कमी करावा, असे कोणालाही वाटेल. इथे इतिहासाने उलटी वाट धरली.

कॅनडातील हॅलिफॅक्सचे सर्जन विल्यम स्टॅनिश आणि सँड्रा कर्विन यांनी १९८४ साली टेंडनच्या दुखण्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की टेंडनला पुन्हा कामाला लावायचे, तर त्याला हळूहळू वाढत जाणारा ताण द्यायला हवा, विशेषतः स्नायू लांब होत असताना पडणारा ताण. तुम्ही बैठक मारताना सावकाश खाली जाता, तेव्हा मांडीचा स्नायू लांब होत होत शरीराचे वजन तोलत असतो. याला एक्सेंट्रिक व्यायाम म्हणतात. ही कल्पना बरीच वर्षे थोड्या लोकांपुरतीच राहिली.

ती जगभर गेली आल्फ्रेडसन यांच्यामुळे. ते ऑर्थोपेडिक सर्जन होते, स्वतः धावायचे आणि त्यांची टाच दुखायची. त्यांनीच सांगितलेली हकिकत अशी की त्यांना शस्त्रक्रिया हवी होती, पण त्यासाठी लागणारी रजा परवडणार नाही म्हणून त्यांच्या वरिष्ठांनी नकार दिला. टेंडन तुटला तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, असा विचार करून ते मुद्दाम दुखऱ्या टाचेवर जड व्यायाम करू लागले. टेंडन तुटला नाही. दुखणेच गेले. मग १९९८ साली त्यांनी १५ हौशी धावपटूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रोज दोन वेळा, १२ आठवडे, दुखत असतानाही टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम आणि जमेल तसे वाढवत नेलेले वजन. पंधराही जण पुन्हा धावू लागले.

गट लहान होता आणि व्यायाम कोणाला मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे तो शेवटचा शब्द नव्हता. पण त्याने प्रश्न उलटा केला. "किती दिवस आराम?" याऐवजी डॉक्टर विचारू लागले, "किती ताण, कोणता आणि कधी?"

टाचेवरून गुडघ्याकडे

गुडघ्यासाठी ऑस्ट्रेलियातील क्रेग पर्डम आणि सहकाऱ्यांनी २००४ साली २५ अंशांच्या उताराच्या फळीवर उभे राहून एका पायाने सावकाश बैठक घेण्याचा व्यायाम तपासला. टाच वर, बोटे खाली अशा स्थितीत वाटीखालच्या टेंडनवर जास्त ताण येतो. निकाल आशादायक होते.

पुढच्याच वर्षी नॉर्वेतून वेगळी बातमी आली. तिथे व्हॉलीबॉलपटूंना स्पर्धांचा हंगाम चालू असताना, सराव आणि सामने कमी न करता, हाच व्यायाम १२ आठवडे दिला. काहीही फायदा झाला नाही. माझ्या मते खेळाडूंनी आणि पालकांनी सगळ्यात जास्त लक्षात ठेवावा असा हा अभ्यास आहे. आधीच भरलेल्या पोत्यात औषध म्हणून आणखी धान्य ओतले, तर पोते उसवणारच. व्यायाम वाढवायचा तर उड्या कमी कराव्या लागतात.

२००६ साली नॉर्वेतच शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांची तुलना झाली. ४० गुडघे, निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांना व्यायाम. वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. व्यायामाच्या गटातील काहींना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली हे खरे, पण आधी व्यायाम करून बघणेच शहाणपणाचे ठरले.

मग आला २००९ सालचा कोपनहेगनचा अभ्यास. त्यात तीन उपचार शेजारी शेजारी ठेवले होते : स्टिरॉइडचे इंजेक्शन, उताराच्या फळीवरील बैठका, आणि जिममध्ये जड वजनाने पण अगदी सावकाश केलेला व्यायाम. १२ आठवड्यांनी तिन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते. सहा महिन्यांनी इंजेक्शनच्या गटाची सुधारणा ओसरली. व्यायाम करणाऱ्यांची टिकली, आणि सावकाश जड व्यायाम करणारे सर्वांत समाधानी होते.

तो लेख वाचताना मला व्हॉलीबॉलचा तो मुलगा आठवला. दोन महिने छान गेले आणि मग जास्त दुखू लागले, हे त्याच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिले होते. आरामाचेही तसेच झाले होते. ताण बंद झाल्यावर दुखणे थांबते, म्हणून आपल्याला वाटते टेंडन बरा झाला. प्रत्यक्षात त्या आठवड्यांत मांडीचा स्नायू आणि टेंडन दोन्ही आणखी दुबळे होतात. मग खेळाडू पूर्वीइतक्याच उड्या मारायला जातो, आणि तेवढाच ताण आता त्याला जास्त होतो. मी त्या मुलाला दर वेळी पहिल्यापेक्षा कमकुवत गुडघा देऊन मैदानावर पाठवत होतो.

अणुचाचण्यांनी शिकवलेला संयम

टेंडन बरा व्हायला इतका वेळ का लागतो, याचे एक कारण अनपेक्षित ठिकाणाहून मिळाले. १९५५ ते १९६३ या काळात हवेत झालेल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण खूप वाढले आणि नंतर कमी होत गेले. अन्नावाटे तो कार्बन माणसांच्या शरीरातही गेला. डेन्मार्कच्या संशोधकांनी टाचेच्या टेंडनच्या गाभ्यातील कार्बन-१४ मोजून २०१३ साली दाखवले की हा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही.

म्हणजे टेंडन त्वचेसारखा स्वतःला नवा करत नाही. विस्कटलेला भाग पूर्ववत होईलच असे नाही, पण उरलेला चांगला भाग आणि स्नायू बळकट करता येतात. म्हणूनच दुखणे गेल्यावरही सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये "खराबी" दिसू शकते. अजिबात न दुखणाऱ्या खेळाडूंच्या तपासणीतही ती सापडते. आपण रिपोर्ट बरा करत नाही, माणूस बरा करतो.

मग आज काय करायचे?

२०२१ साली नेदरलँड्समधील अभ्यासात ७६ खेळाडूंना २४ आठवडे पाहिले. दुखणे सहन होईल अशा पायऱ्यांनी ताण वाढवत नेणे हे फक्त दुखऱ्या एक्सेंट्रिक व्यायामापेक्षा सरस ठरले. मी पेशंटना साधारण याच पायऱ्या समजावून सांगतो. प्रत्यक्ष आखणी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या.

१. पूर्ण आराम नको, ताणाचा हिशेब हवा. उड्या, वेगात धावणे आणि झटक्यात थांबणे काही काळ कमी करा. चालणे, सायकल आणि वरच्या शरीराचा व्यायाम चालू ठेवा. सायकलपटूंचा आकडा आठवतो ना?

२. आधी रोखून धरण्याचा व्यायाम. गुडघा वाकवलेल्या स्थितीत, वजनाविरुद्ध पाय ४५ सेकंद स्थिर धरणे, असे पाच वेळा. काहींचे दुखणे याने लगेच कमी होते, सर्वांचे होत नाही.

३. मग सावकाश आणि जड. लेग प्रेस किंवा बैठका. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. आठवड्यातून ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून. वजन काही आठवड्यांनी वाढवत न्यायचे.

४. उड्या त्यानंतर. आधी छोट्या, दोन पायांवर, मग एका पायावर, मग सराव, शेवटी सामना.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नका. दहापैकी तीनपर्यंत दुखणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकेच किंवा कमी असणे, हे चालते. दुसऱ्या दिवशी वाढले तर ताण जास्त झाला, एक पायरी मागे या.

वेळ किती लागेल? तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. ऐन स्पर्धेच्या आधी हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण तीन-तीन आठवड्यांचे चार आराम घेऊन हंगाम घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

गोळ्या अधूनमधून दुखणे कमी करतील, टेंडन घडवणार नाहीत. गोळी घेऊन सामना खेळणे तर नकोच. स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्याआधी कोपनहेगनचा अभ्यास आठवा. त्यानंतर टेंडन तुटण्याचाही धोका असतो. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचे, म्हणजे पीआरपीचे इंजेक्शन महाग असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सोबत व्यायाम चालू असताना, ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. आणखी एक : सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील अँटिबायोटिक्स टेंडनला इजा करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली त्यांवर ठळक इशारा छापायला लावला. टेंडन दुखत असेल तर डॉक्टरांना तसे सांगा, आणि दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

• उडी मारताना किंवा उतरताना "फट्" असा आवाज झाला आणि गुडघा सरळ करता येईना. टेंडन तुटल्याची शक्यता असते, त्याच दिवशी दाखवा.
• गुडघा गरम, लाल, खूप सुजलेला आहे आणि सोबत ताप आहे.
• गुडघा मध्येच अडकतो किंवा लचकून पडायला होते.
• दुखणे खेळाशी संबंध न ठेवता रात्री झोपेतून उठवते, किंवा गुडघ्याजवळ हाडावर गाठ किंवा सूज वाढत आहे. वाढत्या मुलांमध्ये याकडे "खेळातलं दुखणं" म्हणून दुर्लक्ष करू नका. एक्स-रे काढलाच पाहिजे.

हे सारे वाचून तुम्ही विचाराल, एवढा इतिहास आम्हाला कशाला? कारण पुढच्या वेळी कोणी "टेंडिनायटिस आहे, महिनाभर आराम कर" म्हणाले, तर तुम्हाला पुढचा प्रश्न विचारता यायला हवा : "आणि महिन्यानंतर मी पुन्हा उडी मारू शकेन, यासाठी या महिन्यात काय करू?" त्या मुलाने मला हा प्रश्न विचारला नाही, आणि विचारला असता तरी तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. आज आहे.

(हा लेख माहितीसाठी आहे. प्रत्येकाचा गुडघा वेगळा असतो. तपासणी करून घेतल्याशिवाय स्वतःवर उपचार करू नका.)